गाडीची आई

प्रयोगशाळेच्या मधोमध ती गाडी उभी होती आणि शेजारचं फायलींचं कपाट तिच्यापेक्षा मोठं दिसत होतं. खरंच! कागदोपत्री नाव 'लघुयान-३', पण कोल्हापूरच्या त्या अख्ख्या संशोधन केंद्रात तिला सगळे 'शेंग' म्हणायचे, कारण आत दाणे तीनच. पुढं एक चालक, मागं दोन लहान मुलं, खांद्याला खांदा लावून. चौथा माणूस सोडा, भाजीची पिशवी ठेवायची म्हटलं तरी कुणाच्या तरी मांडीवर ठेवावी लागायची. आणि वजन साडेतीनशे किलो. त्याच्यावर एक ग्रॅम नाही, असा नियमच होता. कारण वजन वाढलं की बॅटरी मोठी लागते, बॅटरी मोठी झाली की गाडी मोठी होते, आणि मग ती शेंग राहतच नाही.

तर त्या साडेतीनशे किलोतले नऊशे ग्रॅम शिल्लक होते. फक्त नऊशे! आणि त्यांच्यावर एक नवरा आणि एक बायको टपून बसले होते.

नवरा संग्राम साळोखे, मुलांची आसनं बनवणारा. बायको शर्वाणी, आरसा बनवणारी. दोघांची टेबलं समोरासमोर, दोघांचा डबा एकच.

"मला पुन्हा एकदा सांगा," इनामदार मॅडम म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. नऊशे ग्रॅम कुणाला द्यायचे ते त्या ठरवणार होत्या. "आणि एकेकानं बोला. हे तुमचं स्वयंपाकघर नाही."

संग्रामनं लगेच सुरुवात केली. "मॅडम, मोठ्या गाडीचं नाक चेपतं आणि धक्का पिऊन टाकतं. हिला नाकच नाही. म्हणजे धक्का थेट मुलापर्यंत. आता लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कोवळी. तोंड पुढं करून बसवलं की पट्टा अंगाला धरून ठेवतो आणि डोकं एकटंच पुढं फेकलं जातं. पण तोंड मागं केलं तर पाठ, मान, डोकं, सगळं एकदम आसनात रुततं. मानेवर ताणच नाही. म्हणून माझं उलटं आसन. ते फिरवायला जो पाया लागतो, त्याचं वजन नऊशे ग्रॅम."

"आणि मुलं त्यात रडतात," शर्वाणी म्हणाली. "कारण त्यांना मागची काच दिसते, आई दिसत नाही."

"रडू देत की! रडणारं मूल जिवंत असतं."

"आणि रडणाऱ्या मुलाकडं आईची मान वळते. ताशी पन्नासच्या वेगात एक सेकंद मान वळली, तर गाडी चौदा मीटर आंधळी जाते. चौदा मीटर, मॅडम! हा धडक झाल्यावर काय करायचं ते सांगतोय. मी धडक होऊच नये म्हणून सांगतेय."

मॅडमनी ते 'चौदा मीटर' वहीत लिहून घेतलं. संग्रामनं बघितलं. त्याच्या बोलण्यातलं त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

"आरशाचं सांग," मॅडम म्हणाल्या.

"मुलं गाडीत भांडतात कशावरून? वाटणीवरून. साध्या आरशात आईचे डोळे दिसतात, पण एका वेळी एकालाच. ज्याच्या वाटणीला येत नाहीत तो लाथा मारतो. माझ्या सन्मुख आरशात एक कॅमेरा आहे. तो चालकाचा चेहरा टिपतो आणि फक्त बुबुळांची दिशा बदलतो. आणि त्याचा पडदा असा आहे की डावीकडून बघणाऱ्याला एक चित्र दिसतं, उजवीकडून बघणाऱ्याला दुसरं. आई बघत असते रस्त्याकडं. पण डावीकडच्या मुलाला दिसतं की आई माझ्याचकडं बघतेय. आणि उजवीकडच्याला दिसतं, माझ्याच!"

"म्हणजे खोटं," संग्राम म्हणाला.

"चेहरा खरा, हसू खरं. बुबुळं तेवढी सरकवलेली."

मॅडमनी तेही लिहून घेतलं!

आता त्यांच्याकडे 'रुसवांक' नावाचं एक माप होतं. पट्ट्यातून मुलाची नाडी कळायची, आसनाला बसलेल्या लाथा मोजल्या जायच्या, आवाजाची पट्टी मोजली जायची, आणि सगळ्याचं मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा यायचा. शून्य म्हणजे मूल खूश, शंभर म्हणजे कानाला हात लावा. चाळीस मुलांना आयांसकट शेंगेत बसवलं, शेंग एका डुलत्या ओट्यावर ठेवली, समोरच्या भिंतीवर रस्त्याची चित्रफीत सोडली, आणि मोजलं. साध्या गाडीत रुसवांक बासष्ट. संग्रामच्या उलट्या आसनात एकाहत्तर. शर्वाणीच्या आरशात? अकरा!

अकरा म्हटल्यावर केंद्रात पेढेच वाटले की. बाहेरगावचे पाहुणे यायचे, थेट आरशाकडे जायचे, आणि संग्रामच्या आसनावर आपल्या बॅगा ठेवायचे. खरंच बॅगा ठेवायचे! चार वर्षं त्यानं त्या आसनावर घालवली होती, आणि आरसा झाला आठ महिन्यांत. शर्वाणी घरी आली की तो विचारायचा, "आज कोण आलेलं?" आणि ती सांगायला लागली की ह्याला काहीतरी काम आठवायचं. सिंकमधली भांडी जोरात वाजायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः शेंगेत चालकाच्या जागी बसला. मागं त्यांची साडेचार वर्षांची जुई. त्या दिवशी पाळणाघर बंद होतं म्हणून तिला केंद्रात आणलेलं. संग्राम सवयीनं मोबाईल चाळत बसला. मागून जुई काही बोलेना. बऱ्याच वेळानं अगदी लाडात म्हणाली, "बाबा, आज तू मोबाईलमध्ये नाही बघत."

आता बोला! तो मोबाईलच बघत होता. पण तिला दिसत होता आरशातला संग्राम, जो तिच्याकडं टक लावून बघत होता. संग्रामला शर्वाणीचा हेवा वाटत होताच, त्या दिवसापासून आरशातल्या त्या संग्रामचाही वाटायला लागला.

आणि हेवा काय त्याला एकट्यालाच होता? जुईला तर अकरा महिने झोप नव्हती, कारण अकरा महिन्यांपूर्वी धनू जन्मला होता. ती आपल्या घराचं चित्र काढायची, त्यात माणसं तीनच. "धनू कुठाय गं?" विचारलं की म्हणायची, "तो कागदाच्या मागं झोपलाय."

तर मॅडमनी ठरवलं, की भिंतीवरचा रस्ता पुरे झाला. खऱ्या रस्त्यावर चाचणी घ्यायची. दोन्ही वस्तू त्या दिवसापुरत्या बसवायच्या. जाताना मुलांची तोंडं पुढं आणि आरसा चालू. येताना आरसा बंद आणि आसनं उलटी. ज्याचा रुसवांक कमी, त्याचे नऊशे ग्रॅम. दुसऱ्यांची मुलं रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून मुलं ह्यांचीच, जुई आणि धनू. गाडी शर्वाणी चालवणार.

"आणि मी?" संग्रामनं विचारलं.

"तू कुठं बसणार?" मॅडम म्हणाल्या. "शेंगेत चौथा दाणा नाही. तू बाइकवरून मागं मागं जा आणि नोंदी घे."

म्हणजे बघा! बायको पुढं, तिच्या मागं दोन्ही पोरं, आणि हा त्यांच्या मागं हेल्मेट घालून, स्वतःच्या घराकडं काचेतून बघत. हेल्मेटच्या काचेवर कोपऱ्यात दोन आकडे चमकत होते. डावीकडं जुईचा रुसवांक, उजवीकडं धनूचा.

सकाळी दहाला निघाले. पन्हाळ्याचा रस्ता, ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळं दर दोन मिनिटांनी एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं उसानं ओसंडणाऱ्या दोन ट्रॉल्या. त्या ट्रॉल्यांच्या शेजारी शेंग म्हणजे हत्तीच्या पायाशी उंदीर. आकडे मात्र काय सुरेख! जुई नऊ. धनू सात. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, ढिम्म, एकमेकांकडं वळतसुद्धा नव्हती. घरी ह्या दोघांना एका सोफ्यावर पाच मिनिटं बसवून दाखवा! जुई आठ. संग्राम हेल्मेटमध्ये दात खात होता.

आणि केर्लीच्या अलीकडं जुईचा आकडा हलला.

बारा. वीस. संग्राम पुढं झुकला. पस्तीस! लाथ नाही, आवाज नाही, नुसती नाडी वाढत होती. धनू सातवरच. जुई अठ्ठेचाळीस. आणि संग्रामला, काय सांगावं, इतका आनंद झाला! पोरीला काय होतंय हा विचार नंतर, आधी मनात आलं, अकरा म्हणे अकरा, आता बघा म्हणावं. बासष्ट. एकोणसत्तर.

मग लाल अक्षरं उमटली. 'डावा पट्टा सुटला.' आणि काचेतलं जुईचं डोकं दिसेनासं झालं.

आतमध्ये शर्वाणीसमोरही तीच अक्षरं उमटली होती. तिनं मान वळवली. पूर्ण. डावं आसन रिकामं! आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं नेमका तेव्हाच ब्रेक दाबला. संग्रामला दोन्ही दिसत होतं, पुढचे लाल दिवे आणि बायकोचा मागं वळलेला चेहरा, आणि त्याच्या हातात फक्त एक हॉर्न होता. तो त्यानं दाबला तो सोडलाच नाही.

शेंगेचा स्वयंरोध लागला. गाडी स्वतःच थांबली, चाकं किंचाळली, आणि ट्रॉलीतून बाहेर आलेले दोन ऊस पुढच्या काचेला टेकले. टेकले, आत आले नाहीत. एक वीतभर कमी पडली असती तर ही गोष्ट कुणी कुणाला सांगितलीच नसती.

संग्रामनं बाइक टाकून दिली आणि धावला. जुई चालकाच्या आसनामागच्या फटीत अडकली होती. गाडी इतकी लहान, की फेकलं जायला जागाच नव्हती. कपाळाला टेंगूळ. बाकी ठीक. नशीब, दुसरं काही नाही.

आणि ह्या दोघांनी काय केलं? पोरगी कडेवर, बाळ भोकाड पसरतंय, मागं गाड्यांची रांग, आणि हे दोघं रस्त्यात उभे राहून भांडायला लागले.

"तुझ्या पट्ट्याचा खटका उघडला!" शर्वाणी ओरडली. "चार वर्षं लावलीस आणि साडेचार वर्षांच्या पोरीनं उघडला!"

"तो दोन अंगठ्यांचा जोर लावल्याशिवाय उघडत नाही!"

"मग कसा उघडला?"

"मला टाचेनं येतो," जुई म्हणाली.

घरी संग्रामनं आणलेले जुने खटके पडलेले असायचे ना, तीच तिची खेळणी. बाकीची पोरं ठोकळे खेळतात, ही खटके उघडत मोठी झाली. दुसऱ्या कुणाच्या पोरीला ते जमलं नसतं.

रस्त्याकडेला एक गुऱ्हाळ होतं. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं सगळं बघितलं होतं. तो म्हणाला, "पावणं, भांडा निवांत, पण हिकडं सावलीत येऊन भांडा. पोरीला काकवी देतो." मग शेंग कडेला घेऊन सगळे कढईपासून लांब एका बाकड्यावर बसले. जुईनं वाटीतली काकवी बोटानं चाटली, आणि शर्वाणीनं अगदी हळू विचारलं, "जुई, पट्टा का काढलास गं?"

"लपायला."

"कुणापासून?"

"तुझ्यापासून. तू सारखी माझ्याकडं बघत होतीस."

शर्वाणीचा चेहरा पडला. "तुला आवडलं नाही?"

"आवडलं की. लई आवडलं." जुईनं पुन्हा बोट चाटलं. "पण मग मी धनूच्या बाजूला वाकले. तिथनं बघितलं तर तिकडं पण एक आई होती. ती धनूकडं बघत होती." तिनं काकवीची दोन बोटं वर केली. "एक माझी आई. एक धनूची आई. मग गाडीची आई कुठली? समोर एवढा मोठा ट्रॅक्टर, आणि त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं."

गुऱ्हाळवाला ढवळायचा थांबला.

"मी लपले की माझी आई रिकामी होणार ना," जुईनं समजावून सांगितलं. "मग ती समोर बघेल."

म्हणजे काय झालं होतं, कळलं ना? अकरा महिने जिच्यासाठी ती धनूशी लढत होती, ती पूर्णच्या पूर्ण आई तिला मिळाली होती, एकटीला, न वाटता. आणि तिनं ती गाडीला देऊन टाकली.

"चाळीस मुलं," शर्वाणी म्हणाली. "चाळीस मुलांमध्ये एकालाही हे सुचलं नाही, कारण आपली गाडी कुठं जातच नव्हती. रस्ता भिंतीवर होता. भिंतीकडं कुणी बघितलं नाही तरी काय बिघडतं? मी डोळे दाखवले, संग्राम. पण डोळे एकीकडं असले की दुसरीकडं नसतात, हे पोरांना आपल्याआधी कळतं." तिनं उठून शेंगेतल्या आरशाची तार उपसली. "लिही अहवालात. नऊशे ग्रॅम तुझे."

आता ह्या क्षणाची त्यानं आठ महिने वाट बघितली होती. पण ती भांडली असती तर जिंकल्यासारखं तरी वाटलं असतं. तिनं एवढं सरळ सांगितल्यावर त्याला नीट हसताही येईना. त्यानं दोन्ही आसनं उलटी फिरवली, पाये घट्ट केले, पट्टे तीनदा ओढून बघितले, जुईच्या खटक्यावर टाच पोचू नये म्हणून पत्र्याची एक पट्टी ठोकली. पन्हाळ्याला जायचं रद्द. तिथूनच परत फिरले.

सुरुवातीला जुई चव्वेचाळीस, धनू पन्नास. संग्रामला हे अपेक्षितच होतं. उलटी बसलेली मुलं, आई दिसत नाही, काय दिसणार त्यांना? मागची काच.

आणि काचेत तो.

जुईला बाइकवरचे बाबा दिसले. अठ्ठावीस. धनूलाही दिसले, त्यानं दोन्ही हात काचेकडं केले. पंधरा. नऊ. आणि मग संग्रामच्या डोळ्यांदेखत जुईचा आकडा आला चारवर. चार! केंद्रातल्या कुठल्याच मुलाचा इतका खाली कधी आला नव्हता. जुई त्याच्याकडं बघत होती, डोळे मोठे करून. आरशातल्या संग्रामकडं नाही, ह्या खऱ्या संग्रामकडं. त्याला राहवलं नाही. त्यानं हात हलवला.

जुईच्या कपाळाला आठी पडली. तिनं बोट दाखवलं, रस्त्याकडं. ओठ हलले ते हेल्मेटमधूनही वाचता आले. 'समोर बघ!'

तो समोर बघायला लागला. मग जरासं चोरून तिच्याकडं बघितलं, तर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुन्हा समोर बघितलं, हात खाली. एवढी वर्षं त्याला वाटत होतं पोरीनं आपल्याकडं बघावं, आणि आता ती बघत होती तर ह्यालाच तिच्याकडं बघायची बंदी! पण आकडा चार.

आणि वडणग्याच्या फाट्याजवळ त्याच्या डोक्यात तो नको असलेला विचार आला.

प्रयोगशाळेत उलट्या आसनाला एकाहत्तर. इथं चार. फरक कशामुळं? आसन तेच. मागची काच तीच. त्यानं मनाशी बरीच खटपट केली. ताजी हवा असेल, काकवी असेल, पोरं दमली असतील. पण तो शेवटी शास्त्रज्ञ होता, हेवा करणारा असला तरी. प्रत्येक शेंगेच्या मागं कुणाचा बाप बाइकवरून येणार? तपासायला फक्त एक मिनिट लागणार होतं. ते एक मिनिट घेतलं नाही, तर नऊशे ग्रॅम नक्की त्याचे होते. मॅडमना कळलंही नसतं.

त्यानं बाइक हळू केली. एक ट्रॅक्टर त्याला मागं टाकून पुढं गेला. दोन ट्रॉल्या, ऊसच ऊस, आणि त्याच्या पलीकडं शेंग दिसेनाशी झाली.

चार. चार. अकरा.

तेहतीस.

अठ्ठावन्न. धनू पण चढायला लागला. जुई सत्त्याहत्तर. गेलं. चार वर्षं गेली, नऊशे ग्रॅम गेले.

हेल्मेटमध्ये फोन वाजला. "कुठं राहिलास तू?" शर्वाणीच्या मागून जुईचं रडणं ऐकू येत होतं, गळा फाडून. "हिनं गाडी डोक्यावर घेतलीय!"

"मान वळवू नकोस!"

"नाही वळवत. मी बोलून बघितलं, गाणं म्हणून बघितलं. हिला मी नकोच आहे रे." आणि मग शर्वाणी जे बोलली त्या आवाजात ते होतं, जे संग्राम आठ महिने बरोबर घेऊन फिरत होता. "बाबा पाहिजे म्हणतेय. फक्त बाबा."

आकडा त्र्याऐंशीवर गेला होता. आसन हरलं होतं. संग्रामनं ट्रॉल्यांना ओलांडायला बाइक बाजूला काढली, डोळे रस्त्यावर रोखले आणि विचारलं, "काय म्हणतेय? नीट ऐकू नाही आलं. परत सांग."